आधी काडतूस, मग रायफल

मराठवाड्यात बंदूक म्हटली की डोळ्यांसमोर येते ती ठासणीची, नाहीतर बारा बोरची दुनळी. तुरीत-हरभऱ्यात घुसणाऱ्या रोही-रानडुकरांपायी पीकसंरक्षणाचा परवाना काढून घेतलेली. जत्रेत फुगे फोडायला हाती येते ती छर्र्याची. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की रिकामे कवच बाहेर, नवे काडतूस आत आणि घोडा चढलेला, अशी लिव्हर-ॲक्शन रायफल बहुतेकांनी पडद्यावरच पाहिलेली असते. त्यामुळे निवडीचा विषय निघाला की बोलणे लाकूड, नळीची लांबी, कडीचा आकार यांवरच जाते. हिचा इतिहास पाहिला तर बहुतेक टप्प्यांवर आधी काडतूस बदलले आणि रायफल त्याच्या मागून आली.

१८४८ मध्ये अमेरिकेत वॉल्टर हंटने पोकळ गोळीच्या पोटातच दारू भरायची कल्पना मांडली. तिच्याभोवती लुईस जेनिंग्ज, मग होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी यंत्रणा सुधारत नेली आणि १८५५ मध्ये व्होल्कॅनिक कंपनी उभी राहिली. यंत्रणा चालत होती. दुबळी होती ती गोळी. पोकळीत मावेल तेवढीच दारू, मग जोर कुठून येणार? स्मिथ आणि वेसन बाहेर पडले आणि १८५७ मध्ये त्यांनी आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी .२२ शॉर्ट हे काडतूस (०.२२ इंच व्यासाच्या गोळीचे) काढले: धातूचे कवच आणि त्याच्या कडेच्या घडीत पेटणारा मसाला. रिमफायर म्हणतात ते हेच. व्होल्कॅनिक तोवर शर्टांचा कारखानदार ऑलिव्हर विंचेस्टरच्या हाती गेली होती. त्याच्याकडच्या बेंजामिन टायलर हेन्रीने .४४ चे रिमफायर काडतूस तयार केले आणि त्याला साजेशी १६ गोळ्यांची रायफल बेतली. पेटंट १८६० चे.

हेन्रीच्या रायफलीतले दोष समजून घेतले की पुढचे बदल का झाले ते कळते. बंदुकीच्या नळीखाली काडतुसे साठवणारी गोळ्यांची नळी (मॅगझिन) खालून चिरलेली होती, म्हणून माती थेट आत जाई. स्प्रिंगचा खुंटा त्या चिरेतून मागे सरकत येई आणि डाव्या हाताला अडे. हात उचलावाच लागे. पुढे लाकूड नव्हते, तापलेली नळी हाताला चटके देई. विंचेस्टरच्या १८६६ च्या मॉडेलमध्ये नेल्सन किंगने रायफलीच्या उजव्या कुशीत गोळ्या भरायचे झाकण दिले. गोळ्यांची नळी बंद झाली, पुढे लाकूड आले. १८७३ मध्ये लोखंडी सांगाडा आणि ४४-४० हे सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधल्या टोपीवर पेटणारे, काडतूस आले: गोळी २०० ग्रेन (ग्रेन हे वजनाचे बारीक माप), काळी दारू ४० ग्रेन. रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या कोल्ट कंपनीने त्याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर काढले आणि एका पट्ट्यातल्या गोळ्या दोन्ही हत्यारांत चालू लागल्या. मात्र गोळी झाडताना नळीची मागची बाजू बंद ठेवणारी १८७३ ची कुलपाची सांधेजोड मोठा दाब सोसणारी नव्हती. बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंगने विंचेस्टरसाठी १८८६ मध्ये उभ्या खिट्यांचे भक्कम कुलूप दिले, १८९२ मध्ये त्याचीच लहान आवृत्ती काढली, पाठोपाठ १८९४ चे मॉडेल आले. त्यात १८९५ पासून बिनधुराच्या दारूचे ३०-३० काडतूस मिळू लागले.

सैन्यांनी मात्र ही रायफल फारशी उचलली नाही. पोटावर झोपून नेम धरला की कडी जमिनीला अडते. शिवाय गोळ्यांच्या नळीत काडतुसे एकामागे एक असतात. टोकदार गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकलेले असेल, तर धक्क्याने नळीतच स्फोट होऊ शकतो. म्हणून सेंटरफायरला चपट्या तोंडाची गोळी, आणि ती हवेत लवकर मंदावते. विंचेस्टरच्या १८९५ च्या मॉडेलला पेटीचे मॅगझिन होते. पहिल्या महायुद्धात रशियाने तशा सुमारे ३ लाख रायफली घेतल्या. तो अपवादच.

हौसेच्या निशाणेबाजीला हाच मर्यादित पल्ला पुरतो, आणि त्यासाठी सर्वांत सोयीचे ठरले .२२. रिमफायरला मध्ये टोपी नसल्याने टोकाची धास्ती नाही, धक्का नगण्य, गोळी स्वस्त. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ चे. मार्लिन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने १८९१ मध्ये यशस्वी .२२ लिव्हर काढली. १९३९ मधले ३९-ए हे तिच्याच वंशातले. २५ ते ५० मीटरसाठी आमचे मत सरळ आहे: .२२ च घ्यावी. दुसरा पर्याय .३५७ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या रायफलीचा. तिच्यात त्याचेच आखूड भावंड .३८ स्पेशल चालते, पण आखूड कवचाच्या पुढे चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या जागेत) काजळी आणि शिशाचे कडे साचते आणि मग लांब काडतुसाचे कवच निघता निघत नाही. ब्रशने चेंबर घासणे हाच उपाय.

आपल्याकडची चौकट १९५९ च्या शस्त्र अधिनियमाची. कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला निशाणेबाजीच्या सरावासाठी .२२ रायफल किंवा एअर रायफल असा थेट उल्लेख आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या बंदुकांची मर्यादा ३ वरून २ वर आली. क्लब सदस्याची सरावाची .२२ त्या मोजणीबाहेर राहते. .१७७ बोरची, २० ज्यूलपर्यंतची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. सामान्य परवानाधारकाला परदेशी रायफल आयात करणे १९८० च्या दशकापासून बंद आहे आणि देशी कारखान्याची .२२ बोल्ट-ॲक्शन (मागची खीळ हाताने मागेपुढे सारायची) आहे. म्हणजे लिव्हर हाती येईल ती जुनी, दुसऱ्या परवान्यावरून आलेली.

अशी जुनी रायफल तपासताना कडी आधी हळू, मग झटक्यात पूर्ण चालवावी. कडी अर्धवट ओढली की काडतूस अडकते. हा दोष बहुधा हाताचा असतो. पूर्ण ओढूनही अडकत असेल, तर काडतूस उचलणारा पाळणा झिजलेला असतो. दस्त्याचा स्क्रू ढिला असेल तर नेम भरकटतो. सलग गोळ्या झाडल्या की नळी तापते, तिला जखडलेली गोळ्यांची नळी ओढ देते आणि मारा सरकतो, म्हणून गट (निशाणावरच्या भोकांचा पुंजका) पाहायचा तो सावकाश झाडून. .२२ चा घोडा रिकाम्या चेंबरवर पाडू नये. पिन चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खड्डा पाडते. मार्लिनच्या सेंटरफायर रायफलींत कडीचा एक स्क्रू काढला की बोल्ट मागे निघतो आणि नळी साफ करायचा गज मागून घालता येतो. विंचेस्टर ९४ ला (१८९४ च्या मॉडेलला) तो तोंडाकडून घालावा लागतो, तिथे गज घासून नळीचे तोंड झिजते. गोळ्यांच्या नळीत तेल सोडू नये. काळ्या मातीची धूळ तेलात कालवली की स्प्रिंग अडते. कोरडे फडके पुरे.

आणि सगळ्यात आधी नळीवरचा ठसा वाचावा. देशी कारखान्यांतून .२२, .३१५, .३०-०६ आणि बारा बोरची काडतुसे निघतात. ठसा ४४-४० चा असेल, तर रायफल कितीही देखणी असली तरी तिची गोळी कुठून आणणार हे दुकानदाराला विचारल्याशिवाय हस्तांतराचा अर्ज भरू नये.