बिजासाराचा पेला आणि 2 ग्रॅमचा हिशेब

बिजासाराच्या लाकडाचा पेला नागपूरकरांना नवा नाही. इतवारीतल्या जडीबुटीच्या दुकानातून आणायचा, रात्री पाणी भरून ठेवायचा आणि सकाळी अनशापोटी ते पाणी प्यायचं, हा नेम शुगर असलेल्या कितीतरी घरांत चालतो. पाणी पिवळसर तपकिरी होतं, आणि उन्हात धरलं की कडेला निळी झाक दिसते. लाकूड खरं की खोटं, याची पहिली ओळख ही झाकच.

घोळ नावापासून सुरू होतो. बिजासार म्हणजेच संस्कृतातला असन, मराठीतला बिबळा, पेंचच्या जंगलाकडे बिजा. पण हिंदीत ऐनालाही असन म्हणतात आणि आपला असाणा हे तिसरंच झाड. गोल, चपट्या, पंखाच्या शेंगेवरून बिजा जंगलात पटकन ओळखू येतो. दुकानात मात्र नुसते तुकडे येतात. त्यातही रंग सुटतो तो आतल्या गाभ्यातून, बाहेरच्या फिक्या लाकडातून फारसा नाही.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात असनादि गण (असनापासून सुरू होणारा औषधींचा समूह) प्रमेह, म्हणजे मधुमेहासारखे लघवीचे विकार, आणि मेदावर सांगितला आहे. इंग्रजी वैद्यकाने याच झाडाचा वेगळा भाग उचलला: सालीतून झिरपणारा लाल डिंक, म्हणजे कायनो. त्यात टॅनिन भरपूर, म्हणून तो जुलाबावर देत. ब्रिटिश फार्माकोपियात, म्हणजे तिथल्या अधिकृत औषधसूचीत, त्याचं टिंक्चर होतं, पण बाटलीत राहून राहून ते जेलीसारखं गोठायचं. कारण डिंकातलंच एक एन्झाइम. डिंक आधी पाण्यात उकळून घेतला की ते एन्झाइम मरतं आणि टिंक्चर पातळ राहतं. अर्क टिकवायचा तर आत काय घडतं ते कळायला हवं, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

1981 मध्ये भारतीय संशोधकांनी सालीतल्या एपिकॅटेचिन या रसायनामुळे उंदरांच्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी पुन्हा वाढतात, असं मांडलं. खळबळ उडाली, पण इतर प्रयोगशाळांना तो परिणाम दिसला नाही. 1997 मध्ये गाभ्यातल्या मार्सुप्सिन आणि टेरोस्टिल्बीनने मधुमेही उंदरांची साखर उतरल्याचं प्रसिद्ध झालं. साल, डिंक, गाभा: तिन्हींतली रसायनं वेगळी, त्यामुळे एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही.

माणसांवरचं महत्त्वाचं काम भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं, 1998 मधलं. मधुमेहाचं नुकतंच निदान झालेल्या आणि बिजासार दिलेल्या 97 रुग्णांपैकी 67 जणांची साखर 12 आठवड्यांत आटोक्यात आली. बहुतेकांना रोज 2 ग्रॅम पुरले, काहींना 3 किंवा 4 ग्रॅम लागले. मात्र ही चाचणी खुली होती, तुलनेला दुसरा गट नव्हता. ती उणीव 2005 मध्ये टॉल्बुटामाइड या मधुमेहाच्या गोळीशी तुलना करणाऱ्या चाचणीने भरून काढली.

पेल्यात यातलं मोजमाप काहीच नसतं. शार्ङ्गधराच्या हिम कल्पनेत भरडीच्या सहा पट थंड पाणी रात्रभर ठेवतात, म्हणजे 200 मिलीला साधारण 33 ग्रॅम भरड. पेल्याचा मात्र फक्त आतला पृष्ठभाग पाण्याला लागतो आणि रोज थोडा थोडा धुपतो. रंग फिका पडला की आतून खरवडावं लागतं. ओला तसाच ठेवला तर बुरशी धरते. पेला सुरू केला म्हणून डॉक्टरांची गोळी सोडू नये, आणि दोन्ही चालू असतील तर साखर वरचेवर तपासावी, कारण ती एकदम खाली जाऊ शकते.