जुन्या गेमिंग लॅपटॉपचा भाव असा का पडतो, आणि मधेच का चढतो

ओएलएक्सवर गेमिंग लॅपटॉपच्या जाहिराती चाळल्या की एक गोष्ट लगेच कळते, विकणाऱ्याच्या डोक्यात बिलावरचा आकडा असतो आणि घेणाऱ्याच्या डोक्यात चालू सेलमधला नव्या लॅपटॉपचा, म्हणून "लास्ट किती?" पुढे गाडी जातच नाही. "एकदम नव्यासारखा, एक स्क्रॅच नाही" हे अगदी खरं असलं तरी त्याने भावात फार फरक पडत नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांचं बघितलं तर हा भाव मशीनच्या कंडिशनपेक्षा भलतीकडे घेतलेल्या निर्णयांनी जास्त हललाय.

सुरुवातच बदनामीने झाली. २००६ मधे डेलने एलियनवेअर ही गेमिंग कॉम्प्युटरची कंपनी विकत घेतली, आसुसचा आरओजी हा गेमिंग ब्रँड पण त्याच वर्षीचा, म्हणजे गेमिंग लॅपटॉपला मोठ्या कंपन्यांनी सिरीयसली घ्यायला सुरुवात केली आणि लगेच जुलै २००८ मधे ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाला कबूल करावं लागलं की त्यांच्या काही लॅपटॉप चिप्सच्या पॅकेजिंगचं मटेरियल कमजोर आहे, आणि वॉरंटी-दुरुस्तीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. डेल, एचपी दोघांचे लॅपटॉप यात सापडले. चिप सतत गरम-थंड होऊन सोल्डरला तडे जायचे आणि स्क्रीन काळी. मग चिपला हीट मारून किंवा रिबॉलिंग (चिपखालचं सोल्डर नव्याने बसवणं) करून चालू करायचा धंदा रिपेअरवाल्यांकडे जोरात चालला, आणि असा जिवंत केलेला लॅपटॉप थोडे दिवस मस्त चालून परत मरायचा, तोवर तो दुसऱ्याच्या गळ्यात गेलेला असायचा. "ग्राफिक्सवाला जुना लॅपटॉप घेऊ नको" हा सल्ला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत आजही ऐकायला मिळतो, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे. सल्ला देणाऱ्याला २००८ आठवत नसेल, पण भीती तीच.

खरा सेकंडहँड बाजार उभा राहिला २०१६ नंतर. त्याआधी लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपला नावापुढे 'एम' लागायचा (९७०एम, ९८०एम वगैरे) आणि त्या 'एम'चा अर्थ डेस्कटॉपवाल्यापेक्षा बराच स्लो. २०१६ च्या ऑगस्टमधे एनव्हिडियाच्या चिप्सची पास्कल पिढी लॅपटॉपमधे आली तेव्हा तो 'एम' गेला आणि त्यातल्या जीटीएक्स १०६० चिपचा लॅपटॉप डेस्कटॉपच्या बऱ्यापैकी जवळ पोचला. झालं काय तर आदल्या वर्षी लाखाच्या वर मोजून घेतलेला लॅपटॉप एका लाँचमधे म्हातारा झाला. इथून पुढचा नियम मग तोच राहिला, भाव दर महिन्याला थोडा थोडा घसरत नाही, पुढची पिढी आली की एकदम पायरी उतरतो.

भारतात अजून एक भानगड आहे. रीफर्बिश्ड म्हणून जे लॅपटॉप ढिगाने मिळतात ते कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड वगैरे, एकसारखे, एकाच मालकाचे, त्यामुळे त्यांचा भाव बाजारात ठरलेला असतो. गेमिंग लॅपटॉप कंपनी कोणाला देणार? ते येतात एकेकट्या माणसाकडून, बहुतेक वेळा इंजिनिअरिंगच्या पोराकडून, ज्याने फर्स्ट इयरला घरी "कोडिंगला लागतो" सांगून घेतलेला असतो आणि आता नोकरी लागली, कंपनीचा लॅपटॉप मिळाला, हा नकोय. प्रत्येक पीस वेगळा, आत किती धूळ, चिप थंड ठेवणारी थर्मल पेस्ट कधी बदलली, हिंज ढिला झालाय का, बॅटरी अर्धा तास तरी टिकते का, कोणालाच माहीत नाही. म्हणून दुकानदार घेताना हात आखडतो आणि ते मला तरी चूक वाटत नाही. त्यात दिवाळीच्या आधीचे ऑनलाइन सेल, नव्याचा भाव तिथे खाली आला की जुन्याला आपोआप मार बसतो.

या सगळ्याला पहिला मोठा अपवाद, २०२० ते २०२२. लॉकडाऊन, चिप्सचा तुटवडा आणि इथेरियम या क्रिप्टोचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून नाणी कमवणं) एकत्र आलं, सुटी ग्राफिक्स कार्डं एमआरपीच्या दुप्पट भावाला पण मिळेनात, आणि लोकांच्या लक्षात आलं की पूर्ण लॅपटॉप घेतला तर आतलं कार्ड त्यामानाने स्वस्त पडतंय. चीनमधे तर मायनिंगवाल्यांनी आरटीएक्स ३०६० च्या लॅपटॉपच्या रांगाच्या रांगा मांडलेले फोटो २०२१ च्या सुरुवातीला फिरत होते. तेव्हा जुना लॅपटॉप जवळपास घेतल्या भावाला विकायला काढणारे पण होते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली, कार्डांचा पूर आला, भाव परत जमिनीवर. पण विकणाऱ्यांची अपेक्षा मात्र नंतरही बराच काळ २०२१ मधेच अडकलेली होती.

त्याच काळात अजून एक घोळ झाला. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०-सिरीजमधे नाव तेच पण पॉवर वेगळी, ३०६० लॅपटॉप ६० वॅटचा पण असतो आणि ११५ वॅटचा पण, स्पीडमधे चांगलाच फरक. जाहिरातीत नुसतं "आरटीएक्स ३०६०" लिहून कोणालाच काही कळेना. आता अनुभवी माणूस पहिला प्रश्न विचारतो "किती वॅटचा?" आणि विकणाऱ्याला बऱ्याचदा उत्तर माहीत नसतं, मग समोरचा सगळ्यात कमी वॅट धरून भाव सांगतो.

पुढची पायरी हार्डवेअरची नव्हतीच. २०२१ मधे विंडोज ११ आली आणि इंटेलच्या सातव्या पिढीचे जवळपास सगळे प्रोसेसर मायक्रोसॉफ्टने तिच्या सपोर्टच्या यादीबाहेर ठेवले, म्हणजे आय७-७७००एचक्यू आणि १०५० टीआय किंवा १०६० वाले, २०१७ मधे ढिगाने विकलेले लॅपटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि त्याच महिन्यात एनव्हिडियाने पास्कलसाठी गेम रेडी ड्रायव्हर (नव्या गेम्ससाठी चिपचं सॉफ्टवेअर) देणं पण थांबवलं, आता फक्त सिक्युरिटीचे अपडेट, तेही २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत. गंमत बघा, एकेकाळचा राजा जीटीएक्स १०८० चा लॅपटॉप (पास्कलच) गेम ड्रायव्हरच्या सपोर्टबाहेर आणि २०१९ चा साधा, ६०-७० हजारांतला जीटीएक्स १६५० अजून सपोर्टमधे, कारण तो पास्कलनंतरच्या ट्युरिंग पिढीचा. ताकद १०८० मधे जास्त, पण विचारणारे १६५० ला जास्त. अर्थात १६५० चेही दिवस भरत आलेत, ४ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी) आता पुरत नाही आणि २०२४ च्या शेवटापासून काही मोठ्या गेम्स रे ट्रेसिंगचं (उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायचं) हार्डवेअर नसेल तर चालूच होत नाहीत.

२०२५ च्या शेवटी चक्र पुन्हा उलटं फिरलं. एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी ओढून घेतली, रॅमचे भाव भडकले, डिसेंबरमधे मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. जुन्या गेमिंग लॅपटॉपमधे बहुतेक वेळा रॅमचे दोन स्लॉट असतात, त्यामुळे जो ३२ जीबी पूर्वी "एक्स्ट्रा टाकलाय" म्हणून जाहिरातीत फुकट जायचा त्याचे आता वेगळे पैसे मागितले जातात, किंवा मग पट्ट्या काढून वेगळ्या विकायच्या आणि लॅपटॉप ८ जीबीवर द्यायचा. तेव्हा घ्यायला जाताना टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा आकडा आणि किती स्लॉट भरलेत ते तिथेच बघा, जाहिरातीतला स्क्रीनशॉट जुना असू शकतो.