चुना संपत आला, हे कसं कळायचं?

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारलेली आठवते? निवळी दुधाळ व्हायची, कारण उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याने धरून ठेवलेला असायचा. रीब्रीदर लावून खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याचा जीव याच क्रियेवर अवलंबून असतो.

साध्या सिलिंडरवाल्याचा श्वास बुडबुडे होऊन निघून जातो, आणि त्याबरोबर 16 टक्के ऑक्सिजनही. रीब्रीदर तीच हवा फिरवून परत देतो. खर्च झालेला ऑक्सिजन तो भरून काढतो, आणि कार्बन डायऑक्साइड शोषायला मधे सोडा लाइमचा डबा असतो: दोन-अडीच किलो विरलेल्या चुन्याचे दाणे, थोडा कॉस्टिक सोडा, थोडा ओलावा. कल्पना जुनीच आहे. हेन्री फ्ल्यूसने 1878 साली कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेले दोरीचे धागे वापरून असं उपकरण केलं होतं. 1879 साली इंग्लंड आणि वेल्सला जोडणारा सेव्हर्न बोगदा बांधताना पाण्याने भरला, तेव्हा 1880 साली अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या तेच उपकरण लावून आतलं लोखंडी दार बंद करायला गेला होता.

पण ताजा चुनाही पांढरा आणि संपलेलाही पांढरा. भूल देण्याच्या यंत्रातला चुना वापरल्यावर जांभळा होतो खरा, पण नुसता ठेवून दिला तरी तो रंग पुन्हा फिका पडतो. शिवाय पाठीवरच्या बंद डब्यातला रंग पाहणार कोण? म्हणून वहीत मिनिटं मोजायची पद्धत पडली. मिनिटं मात्र सगळी सारखी नसतात. थंड पाण्यात क्रिया मंदावते, दमून पोहलं की वायू जास्त तयार होतो, आणि खोलीवर इतर रेणूंची इतकी दाटी होते की कार्बन डायऑक्साइडचे रेणू दाण्यांपर्यंत पोचायला उशीर लागतो.

यावर निघालेली युक्ती मला फार सुंदर वाटते. चुना वायू शोषतो तेव्हा तापतो. श्वास ज्या टोकाने शिरतो तिथे आधी ऊब येते. तिथला चुना संपला की तो भाग निवतो आणि ऊब पुढच्या थरात सरकते. उदबत्तीचा निखारा सरकत जावा तशी. डब्याच्या आरपार तापमापकांची एक कांडी बसवली की हा निखारा कुठवर आला ते हातातल्या पडद्यावर पट्ट्यांनी दिसतं. ब्रिटनमधल्या ‘इन्स्पिरेशन’ रीब्रीदरमध्ये अशी कांडी मिळते.

मात्र ही कांडी चुना कुठे काम करतोय तेवढंच सांगते. डबा भरताना दाणे नीट ठोकून बसवले नाहीत किंवा एखादी रबरी रिंग राहून गेली, तर काही हवा चुन्याला न शिवताच पुढे जाते. कांडीवर सगळं ठाकठीक दिसतं आणि श्वासात विष वाढत असतं. त्यासाठी डब्यानंतर थेट वायू मोजणारा सेन्सर लागतो. कार्बन डायऑक्साइड 4.26 मायक्रोमीटरचा अवरक्त प्रकाश गिळतो. किती गिळला यावरून त्याचं प्रमाण कळतं. कसोटी कडक आहे. या वायूच्या दाबाची धोक्याची सीमा साधारण 5 मिलिबार धरतात, आणि 40 मीटरवर एकूण दाब 5 बार, म्हणजे 5000 मिलिबार असतो. म्हणजे हजारात एक भाग ओळखायचा, तोही दमट हवेत, जिथे काचेवर बसलेला पाण्याचा थेंबसुद्धा मापन बिघडवतो.

उतरण्याआधी पाच मिनिटं यंत्रावर श्वास घेऊन पाहायची रीत आहे. प्रयोगात मात्र अर्धवट निकामी झालेला डबा बहुतेकांना त्या पाच मिनिटांत ओळखता आला नाही. आपल्याला धाप लागली की कळेल, या भरवशावर कुणी राहू नये असं मला कळकळीने वाटतं. विष चढल्यावर धाप इतकी लागते की तोंडातली नळी काढून दुसरी लावण्याएवढाही दम उरत नाही, आणि डोकं तर त्याआधीच गोंधळलेलं असतं.

आणि चुना ताजा असला तरी धोका संपत नाही. 2005 साली दक्षिण आफ्रिकेतल्या बोसमन्सगाट या पाण्याने भरलेल्या विवरात रीब्रीदर लावून उतरलेला पाणबुड्या डेव्हिड शॉ सुमारे 270 मीटरवर दगावला. त्या खोलीवर हवा इतकी घट्ट झाली होती की मेहनत करताना त्याला पुरेसा श्वासच बाहेर टाकता आला नाही. कार्बन डायऑक्साइड रक्तातच साठत गेला, डब्यापर्यंत पोचलाच नाही.