मोटारसायकलचे इंजिन तेल : निवड व घरगुती देखभाल

फोर-स्ट्रोक मोटारसायकलच्या क्रँककेसमध्ये असलेले, इंजिन, गिअरबॉक्स व क्लच या तिघांना एकाच वेळी पुरणारे वंगण. मोटारीत इंजिनाचे व गिअरचे तेल वेगळे असते आणि हाती गिअर टाकायच्या मोटारीचा क्लच कोरडा असतो. बहुतेक मोटारसायकलींत मात्र क्लचप्लेटा तेलातच बुडालेल्या असतात आणि गिअरच्या दात्यांनाही तेच तेल मिळते. तेल निवडताना पडणारे बहुतेक पेच या एका रचनेतून निघतात.

भारतात ही रचना घरोघरी पोहोचली ती १९८५ साली आलेल्या हीरो होंडा सीडी १०० पासून, असे मानण्यास हरकत नाही. त्याआधी रस्त्यावर राजदूत, येझ्दी व बजाजच्या स्कूटर अशा टू-स्ट्रोक गाड्यांचे राज्य होते. त्यांत २टी तेल पेट्रोलबरोबर जळून जाते व गिअरबॉक्सचे तेल निराळे असते, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही. बुलेट पूर्वीपासून फोर-स्ट्रोक होती, पण तिच्या जुन्या बिडाच्या इंजिनाला गिअरबॉक्स बाहेरून जोडलेला असे. इंजिन, गिअरबॉक्स व प्रायमरी चेनचे खोके अशी तीन ठिकाणची तेले वेगवेगळी पाहावी लागत. २००८-०९ च्या सुमारास आलेल्या एकसंध इंजिनानंतर तीही एका तेलावर आली. जुन्या बुलेटबद्दलचे सल्ले नव्या बुलेटला लावण्याची चूक अजून सर्रास होते.

इतिहास : ‘वंगण’ हा शब्द बहुधा बैलगाडीच्या कण्याला घालायच्या तेलावरून रूढ झाला. प्रारंभीच्या यंत्रांना प्राणिज चरबी व वनस्पतितेलेच घालत. त्यांपैकी एरंडेल तापलेल्या धातूला घट्ट धरून राहते व पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून पहिल्या महायुद्धातील विमानांच्या रोटरी इंजिनांत ते वापरले गेले. मात्र ते लवकर चिकटून राळेसारखे होते. ‘कॅस्ट्रॉल’ हे १९०९ सालचे नाव एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच आले. खनिज तेलापासून वंगण करण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील जॉन एलिस यांना (१८६६) देतात. त्यांचे तेल वाफेच्या यंत्रांसाठी होते, त्यामुळे इंजिन तेलाचा आरंभ तेथून धरावा की पेट्रोल इंजिनांपासून, याविषयी एकमत नाही. दुसरी मांडणी अधिक सयुक्तिक वाटते.

श्यानता व एसएई अंक : श्यानता म्हणजे वाहण्यास होणारा विरोध, साध्या भाषेत तेलाचा दाटपणा. १९०५ साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स (एसएई) या अमेरिकी संस्थेने १९११ मध्ये तेलांचे पहिले वर्गीकरण केले. ‘डब्ल्यू’ अक्षर असलेले वर्ग १९३० च्या दशकात वापरात आले व १९५० च्या सुमारास पक्के झाले, असे दिसते. हे अक्षर ‘विंटर’ म्हणजे हिवाळ्याचे. ते ‘वेट’ म्हणजे वजनाचे असल्याचा समज जुन्या मेकॅनिकांत व काही छापील माहितीपत्रकांतही आढळतो; तो चुकीचा आहे.

२०डब्ल्यू-४० यातील पहिला अंक थंडीतील वागणूक सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसची. एसएईच्या जे३०० या प्रमाणकानुसार ३० वर्गाच्या तेलाची श्यानता १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (श्यानतेचे एकक), ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९ असावी लागते. थंड इंजिन फिरवण्याची चाचणी १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंशांना, १५डब्ल्यूसाठी उणे २० व २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांना घेतात. निफाडची थंडी शून्याच्या आसपास रेंगाळते, त्याखाली फारशी जात नाही. म्हणजे गाडी चालू होण्यापुरते पाहिले तर महाराष्ट्रात २०डब्ल्यू पुष्कळ झाले. हिवाळ्यात लेह-लडाखला गाडी न्यायची असेल तरच या चाचणीला थेट अर्थ येतो.

याचा अर्थ पहिला अंक येथे निरर्थक आहे, असा मात्र नव्हे. ४० अंशांना १०डब्ल्यू-३० ची श्यानता साधारण ७० सेंटिस्टोक्स भरते, २०डब्ल्यू-४० ची ११० ते १३०. रात्रभर उभ्या गाडीत वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) तेल चढायला लागणारा वेळ या फरकावर अवलंबून असतो. हीरो होंडाच्या १०० सीसी गाड्यांना पूर्वी २०डब्ल्यू-४० सांगितले जाई, पुढे १०डब्ल्यू-३० सांगितले जाऊ लागले. हा बदल केवळ मायलेजसाठी झाला व त्याने इंजिनाचे आयुष्य घटले, असे एक मत गॅरेजांत ठामपणे मांडले जाते. चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, वाहतुकीत अडकलेल्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी दाट तेलाचा आग्रह समजण्यासारखा आहे. परंतु तेलपंप व बेअरिंगमधील फटी ज्या श्यानतेसाठी आखल्या, तिच्याशी तेल जुळणे महत्त्वाचे. बाहेरच्या हवेतील पाचदहा अंशांनी इंजिनाच्या आतले गणित तेवढे बदलत नाही. गाडीच्या पुस्तिकेत दोन वर्ग दिले असतील तर उन्हाळी भागात त्यांतील दाट वर्ग घ्यावा, पुस्तिकेबाहेर जाऊ नये.

एपीआय व जासो : डब्यावरील एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी ही अक्षरे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची (एपीआय) आहेत. ती मोटारींसाठी ठरलेली आहेत, हे विसरले जाते. नवे अक्षर म्हणजे सरसकट चांगले तेल, असे मोटारसायकलीत म्हणता येत नाही. मोटारींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) टिकावा म्हणून एसएमपासून पुढे पातळ वर्गांच्या तेलांतील फॉस्फरसवर ०.०८ टक्क्याची वरची मर्यादा आली. फॉस्फरस येतो तो झिंक डायथायोफॉस्फेट या झीजरोधक घटकातून, आणि गिअरचे दाते व कॅम त्याच्यावरच तगतात. शिवाय इंधन वाचवण्यासाठी मोटारींच्या तेलांत मॉलिब्डेनमसारखे घर्षण घटवणारे घटक घालू लागले. इंजिनात घर्षण कमी झालेले चांगले, पण क्लचप्लेटांना एकमेकींना पकडायला घर्षणच लागते.

जपानी उत्पादकांची तक्रार नेमकी हीच होती. १९९८ मध्ये जासो (जपानी वाहन प्रमाणक संस्था) हिचे टी ९०३ हे प्रमाणक आले. त्यात तेलात बुडालेल्या प्लेटा वारंवार घासून तीन घर्षणांक काढतात व तेलाला एमए किंवा एमबी ठरवतात. २००६ च्या आवृत्तीत एमएचे एमए१ व एमए२ असे भाग पडले. एमए२ सर्वांत जास्त पकड देणारे. एमबी घर्षण कमी करणारे, म्हणून ते बेल्टवर चालणाऱ्या, कोरड्या क्लचच्या स्कूटरना. घरात स्कूटर व मोटारसायकल दोन्ही असतील तर दोन्ही डबे १०डब्ल्यू-३० चेच असू शकतात. फरक फक्त या एका अक्षराचा. प्रमाणकातील आणखी दोन अटींकडे कमी लक्ष जाते. फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असावा लागतो, म्हणजे खालची मर्यादाही आहे. आणि गिअरच्या दात्यांत चिरडून तेल पातळ होते म्हणून, तशा चिरडण्याच्या चाचणीनंतरही ४० वर्गाच्या तेलाची श्यानता १०० अंशांना किमान १२ सेंटिस्टोक्स व ५० वर्गाची किमान १५ उरावी लागते. तेल बदलायला आले की गिअर खरबरीत पडू लागतात, त्याचे मोठे कारण हे चिरडणे.

मोटारीचे तेल घातल्यास क्लच घसरतो का, यावर दोन पक्ष आहेत. घर्षण घटवणारे घटक नसलेले दाट तेल वापरून काही झाले नाही, असे सांगणारे बरेच आहेत, आणि काही डिझेल तेलांच्या डब्यावर जासो एमए छापलेले असतेही. घसरणारा क्लच पुष्कळदा मुळातच झिजलेला असतो, तेल निमित्त ठरते. तरीही एपीआयच्या गोल शिक्क्याच्या खालच्या अर्ध्यात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ लिहिलेले तेल मोटारसायकलीत घालू नये, हे उत्तम.

‘सिंथेटिक’ शब्दाचा वाद : मूळ तेलांचे एपीआयने पाच गट केले आहेत. पहिले तीन खनिज तेलापासून, चौथा पॉलिअल्फाओलेफिन या कृत्रिम रेणूंचा, पाचव्यात एस्टरसह बाकी सगळे. तिसऱ्या गटाचे तेल हायड्रोजनच्या प्रक्रियेने इतके शुद्ध केलेले असते की त्याचा श्यानता निर्देशांक (जितका जास्त, तितकी तापमानाबरोबर श्यानता कमी बदलते) १२० किंवा त्याहून वर जातो. त्याला ‘सिंथेटिक’ म्हणावे का, यावरून अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध जाहिरातविषयक निवाडा मंडळाकडे तक्रार केली आणि १९९९ मध्ये निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून हा शब्द रसायनापेक्षा बाजाराचा अधिक झाला. ‘सेमी-सिंथेटिक’ तेलात सिंथेटिक किती टक्के असावे याचाही सर्वमान्य दंडक नाही. रोज २० किलोमीटर धावणाऱ्या १०० सीसी गाडीला योग्य जासो वर्गाचे साधे खनिज तेल वेळेवर बदललेले पुरते; सिंथेटिकचा फायदा जास्त तापणाऱ्या, मोठ्या किंवा लांब पल्ल्याच्या गाड्यांत दिसतो.

तेल बदलणे : १०० सीसी गाडीत ८०० ते ९०० मिलि तेल बसते, १५० सीसीत लिटरच्या आसपास, ३५० सीसी बुलेटमध्ये दोन लिटरच्या पुढे. पुस्तिकेत बहुधा दोन आकडे असतात. इंजिन उघडल्यावरचा मोठा व फक्त तेल काढल्यावरचा लहान. घरी लहान आकडा धरायचा. ९०० मिलिचा डबा आणला म्हणून तो सगळा ओतणे ही नेहमीची चूक आहे.

इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून कोमट करावे, म्हणजे गाळ तेलाबरोबर उतरतो. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन खाली घमेले किंवा कापलेला कॅन ठेवावा. ड्रेन बोल्ट बहुधा १७ च्या पान्याने निघतो. रिंगपाना किंवा गोटी (सॉकेट) वापरावी, उघड्या पान्याने डोके गोल होते. वरचे झाकण काढून दहा मिनिटे निथळू द्यावे. बोल्टवर जाळी व स्प्रिंग असल्यास ती रॉकेलने धुवावी आणि कोणत्या क्रमाने निघाली ते पाहून ठेवावे. वॉशर नवा घालावा. बोल्ट आधी हाताने पूर्ण आट्यात बसवावा आणि मगच पाना लावावा. १२ मिमीच्या बोल्टला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे वीतभर पान्यावर एका हाताचा बेताचा जोर. क्रँककेस ॲल्युमिनिअमची असते. ठेच देऊन आवळले की आटे जातात, आणि मग लेथवाल्याकडून नवे आटे पाडून घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

कागदी फिल्टर असलेल्या गाड्यांत तो तेलाबरोबर बदलतात. झाकणाखालची ओ-रिंग (रबरी कडी) खाचेत नीट बसली नाही तर गळती होते. फिल्टर उलटा बसला तर त्याहून वाईट, कारण बाहेर काहीच दिसत नाही आणि आत तेल अडते. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत कागदी फिल्टर नसतोच. जाळी असते व क्रँकशाफ्टच्या टोकाला फिरणारा अपकेंद्री फिल्टर असतो. तो क्लचच्या बाजूचे झाकण काढल्याशिवाय साफ होत नाही, म्हणून वर्षानुवर्षे तसाच राहतो व त्यात चिखलासारखा काळा थर साठतो.

तेल भरून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, बंद करून तितकेच थांबावे व सपाट जागी पातळी पाहावी. डिपस्टिक आट्यात न फिरवता नुसती टेकवून पाहायची की फिरवून, हे गाडीनुसार बदलते. १०० सीसी गाड्यांत बहुधा नुसती टेकवतात. खूण ओलांडून भरल्यास जास्तीचे तेल ब्रीदरमधून (क्रँककेसमधील वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जाते, फिल्टर भिजतो आणि धूर येऊ लागतो.

बदलण्याचे अंतर उत्पादकानुसार ३,००० ते १०,००० किलोमीटर असते. नव्या गाडीचे पहिले तेल ५०० ते ७५० किलोमीटरला काढतात. नुसता काळा रंग ही बदलण्याची खूण नव्हे, काजळी धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे. मात्र तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी आहे; पावसाळ्यात दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या झाल्या की वाफ आत साचून असे होते. पातळी आपोआप वाढली व तेलाला पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळते आहे, अशा तेलावर गाडी चालवू नये. बोटांवर चमचमणारी कणी दिसली तर मेकॅनिक गाठावा.

इतर देखभाल : चेन दर ५०० किलोमीटरला पाहतात. लहान गाड्यांत मधोमध २० ते ३० मिमी झोल ठेवतात. चाक फिरवून चेन जिथे सर्वांत ताठ असेल तिथे हा झोल मोजावा, नाहीतर ती बेअरिंग ओढते. रॉकेलने पुसून ९० नंबरचे गिअर ऑइल लावावे. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल व तारेचा ब्रश वर्ज्य. जळके ऑइल चेनवर ओतण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण त्यातील काजळी व धातूची कणी चेनला कानशीसारखी घासते. चेन ताणल्यावर चाक मागे सरकते, म्हणून दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या कराव्यात व ड्रम ब्रेकचे पेडल पुन्हा जुळवावे. टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट बहुधा ०.०५ ते ०.१० मिमी असते व ती थंड इंजिनावरच मोजतात. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळीक हवी. तेलात भिजवलेला कागदी एअर फिल्टर झटकून साफ होत नाही, तो बदलावाच लागतो.

काळ्या तेलाची विल्हेवाट : खेड्यांत ते वाळवीसाठी लाकडाला फासतात, शहरांत गटारात जाते. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले तेल समाविष्ट आहे आणि १ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवर ते परत गोळा करण्याची विस्तारित जबाबदारी आली आहे. घरी निघालेले लिटरभर तेल झाकणबंद कॅनमध्ये साठवून, काळे तेल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या गॅरेजात किंवा सर्व्हिस सेंटरवर देतात. त्यात रॉकेल वा पाणी मिसळले असल्यास ते शुद्धीकरणाला कमी उपयोगी पडते. रिकामा डबा भोक पाडून किंवा कापून टाकावा, कारण चांगल्या स्थितीतील डबे बनावट तेल भरण्यासाठी विकत घेतले जातात.