पार्श्वभूमी : वनपिंगळा सापडला, मग त्याची श्रेणी का बदलली?

वनपिंगळा या लहानशा घुबडाची नवी नोंद झाली की बातमीत दोन गोष्टी हमखास येतात. ‘११३ वर्षे गायब असलेला पक्षी’ ही पहिली आणि ‘आता त्याच्यावरचा धोका कमी झाला’ ही दुसरी. पहिली अर्धीच खरी आहे. दुसरी चुकीची आहे, आणि २०१८ साली जागतिक लाल यादीत, म्हणजे कोणत्या प्रजातीला किती धोका आहे हे सांगणाऱ्या यादीत, या पक्ष्याची श्रेणी बदलल्यापासून ती फारच सहज लिहिली जाते. ती श्रेणी कशी बदलली हे समजायला थोडे मागे जावे लागते.

फार जुना इतिहास मोजक्या वाक्यांत सांगता येतो. डिसेंबर १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळाला आणि १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन छापले गेले. पाचेक वर्षांनी ओडिशातल्या खरियारकडे आणखी एक मिळाला. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला खानदेशात नेमणुकीवर असलेल्या एका सनदी अधिकाऱ्याने शहादा-तळोदा पट्ट्यात काही नमुने गोळा केले. सगळे मिळून सात. १८८४ नंतर खात्रीची एकही नोंद नाही. या सात नमुन्यांच्या पायांना बांधलेल्या चिठ्ठ्यांवर ठिकाणे लिहिलेली होती. पक्षी कुठे शोधायचा याचा पत्ता शंभर वर्षे संग्रहालयांच्या कपाटांत होता.

मग कोणी शोधला का नाही? शोधला. पण चुकीच्या जागी.

याला कारण ठरली १९१४ सालची म्हणून दाखवलेली एक नोंद. नामांकित पक्षिसंग्राहक असलेल्या एका ब्रिटिश कर्नलने गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे वनपिंगळा मिळाल्याचे नोंदवले होते, आणि तो नमुना त्याच्या संग्रहात होता. सगळ्यांत अलीकडची तारीख तीच असल्यामुळे पुढच्या अभ्यासकांनी तिच्यावर भर दिला. १९७०च्या दशकात भारतातल्या आणि अमेरिकेतल्या नामवंत पक्षितज्ज्ञांनी शोध घेतला आणि हाती काहीच लागले नाही. पक्षी नामशेष झाला असावा, हे मत त्यानंतर बळावले.

१९९०च्या दशकात एका अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ महिलेने जगभरातले हे नमुने एकेक करून तपासले. कर्नलचा नमुना तिला खटकला. कातडी सोलण्याची, आत भरण भरण्याची आणि टाके घालण्याची प्रत्येक संग्राहकाची हातखंडा पद्धत असते, आणि या नमुन्यातल्या मूळ कामाच्या खुणा खानदेशातल्या त्या सनदी अधिकाऱ्याच्या पद्धतीशी जुळत होत्या. वरून तो उसवून पुन्हा भरलेला होता. लंडनच्या संग्रहालयातला खानदेशचा जुना नमुना चोरून, त्याला नवा साज आणि नवी चिठ्ठी देऊन तो मांडवीचा म्हणून खपवला होता. हे प्रकरण १९९९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले. याच कर्नलला परवानगीवाचून नमुने बाहेर नेल्याबद्दल १९१९ मध्ये त्या संग्रहालयाच्या पक्षिदालनात बंदी घातली गेली होती. तरीही त्याचा शब्द पुढची कित्येक दशके प्रमाण मानला गेला. खोटी चिठ्ठी लिहिणाऱ्या एका माणसाने एका प्रजातीचा शोध काही दशके मागे ढकलला, असे म्हणणे मला अतिशयोक्ती वाटत नाही.

याच तपासणीच्या आधारे १९९७ च्या शोधमोहिमेने मांडवी बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांचा माग घेतला. तीन जणांची तुकडी आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी गेली. तिथे पक्षी मिळाला नाही. मग ती खानदेशात आली आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, पर्णहीन झाडावर, भर उजेडात बसलेला वनपिंगळा दिसला. त्याच्या माथ्यावर आणि पाठीवर ठिपके जवळजवळ नव्हते, छातीवर रुंद तपकिरी पट्टे होते, पोट पांढरे होते. त्याचे छायाचित्रण झाले.

‘११३ वर्षे गायब’ हे अर्धेच खरे का, ते इथे कळते. हा पक्षी रात्री जंगलात लपून फिरणारा नाही. तो दिवसा शिकार करतो, उघड्या फांदीवर बसतो, शेपटी झटकतो, मोठ्याने ओरडतो. सातपुड्यात राहणाऱ्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांच्या डोळ्यांसमोर तो त्या सगळ्या काळात होता. गायब झाली होती ती पक्षिशास्त्राच्या वह्यांतली नोंद. गावातल्या साध्या पिंगळ्याशी त्याचे इतके साम्य आहे की वाटेवरच्या पक्षिनिरीक्षकाने दुर्बीण खाली ठेवून पुढे जावे. या जंगलांत पद्धतशीर निरीक्षणे करायला फारसे कोणी जातही नव्हते.

खरा अभ्यास १९९८ नंतर सुरू झाला आणि आज या पक्ष्याविषयी जे ठाऊक आहे त्यातले बहुतेक त्यानंतरच्या काळातले आहे. मुंबईतल्या एका जुन्या संस्थेच्या अभ्यासकांनी तोरणमाळच्या परिसरात घरट्यांवर लक्ष ठेवले. वीण साधारण ऑक्टोबर ते मे या काळात होते, घरटे जुन्या झाडांच्या ढोलीत असते, खाण्यात सरडे, उंदीर आणि मोठे कीटक असतात. नराने पिल्लू खाल्ल्याची नोंदही झाली. तोरणमाळनंतर मेळघाट आला, आणि मेळघाटाला लागून असलेली मध्य प्रदेशातली खंडवा-बऱ्हाणपूरची जंगले आली. जळगावच्या यावल अभयारण्यातही तो मिळाला. या सगळ्या ठिकाणी शुष्क पानझडी साग जंगल आहे, झाडांची दाटी मध्यम आहे आणि खाली उघडी जमीन आहे. त्यामुळे वनपिंगळा म्हणजे सातपुड्याच्या सागाचा पक्षी, असे समीकरण पक्के होत गेले.

ऑक्टोबर २०१४ मध्ये ते मोडले. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यात वनपिंगळा दिसला. उत्तर सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, सातपुड्यापासून इतक्या दूर तो असेल असे कोणी धरले नव्हते. त्यानंतर डांगच्या पूर्णा अभयारण्यातून नोंदी आल्या, आणि तापी ते तानसा या मधल्या डोंगरपट्ट्यात आणखी कुठे कुठे तो असेल या प्रश्नाला एकदम अर्थ आला. महानगरापासून शंभरेक किलोमीटरवर, पक्षिनिरीक्षकांची वर्दळ असलेल्या प्रदेशात हा पक्षी इतकी वर्षे कोणाच्या वहीत आला नाही, ही गोष्ट मला १९९७ च्या शोधाइतकीच महत्त्वाची वाटते.

आता २०१८ चा निर्णय. त्या वर्षी जागतिक लाल यादीत वनपिंगळा ‘अतिसंकटग्रस्त’ या श्रेणीतून ‘संकटग्रस्त’ या श्रेणीत आला. दोन शब्दांत फरक एका उपसर्गाचा आहे, पण त्यामागे आकडे आहेत. विखुरलेल्या, घटत चाललेल्या प्रजातीत प्रजननक्षम प्रौढ पक्षी २५० पेक्षा कमी असतील असे दिसले तर ती पहिल्या श्रेणीत बसते. तोच आकडा २५० च्या वर पण २,५०० च्या आत असेल तर दुसऱ्या श्रेणीत. वनपिंगळ्याचा अंदाज आधी २५० च्या आत धरला जात होता. २०१८ च्या मूल्यांकनात तो २५० ते ९९९ असा धरला गेला, म्हणून श्रेणी बदलली. नियमांच्या चौकटीत पाहिले तर निर्णयात चूक काढता येत नाही. उपलब्ध माहिती सुधारली की श्रेणी बदलायची असते.

पण आकडा वाढला म्हणजे पक्षी वाढले, असे त्या मूल्यांकनाने कुठेही म्हटलेले नाही. त्याच मूल्यांकनात संख्येचा कल घटता असल्याचे नोंदवले आहे. वाढली ती शोधाची ठिकाणे. तोरणमाळच्या नोंदींवरून केलेला अंदाज आणि तोरणमाळ, मेळघाट, यावल, खंडवा, बऱ्हाणपूर, तानसा, पूर्णा या सगळ्यांवरून केलेला अंदाज यांची तुलना करून ‘संख्या सुधारली’ म्हणणे म्हणजे दोन वेगळी जंगले मोजून एकाच जंगलाची वाढ सांगणे आहे. २०१४ पूर्वीही तानशात पक्षी असणारच. त्या अर्थाने जुना अंदाज कमी पडला होता, आणि आता तो दुरुस्त झाला एवढेच म्हणता येते.

हा मुद्दा केवळ कागदावरचा असता तर त्यावर इतके लिहायची गरज नव्हती. श्रेणीचा उपयोग निधी मागताना होतो, प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात होतो, कोणत्या प्रजातीचा कृती आराखडा आधी करायचा हे ठरवताना होतो. ‘अतिसंकटग्रस्त’ या शब्दाला तिथे जे वजन असते ते ‘संकटग्रस्त’ला नसते. श्रेणी बदलण्याच्या बाजूने बोलणारे सांगतात की यादी प्रामाणिक राहिली नाही तर तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि प्रत्येक लाडक्या प्रजातीला वरच्याच श्रेणीत अडवून धरता येणार नाही. हे म्हणणे रास्त आहे. माझी हरकत त्या निर्णयाच्या वाचनावर आहे. श्रेणी ज्ञान वाढल्यामुळे बदलली आहे की परिस्थिती सुधारल्यामुळे, हे यादी स्वतः नोंदवते. बातम्यांत आणि सादरीकरणांत नेमका तोच भाग गळतो.

भारतीय कायद्यात मात्र यामुळे काही बदलले नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वनपिंगळा होता आणि आहे. घुबडांची शिकार, अंडी काढणे, अवयव विकणे हे सगळे गुन्हे आहेत. काळ्या जादूच्या नावाखाली घुबडांना पकडले जाते, आणि ज्या भागात हा पक्षी आहे तिथेही अशा समजुतींपायी पक्षी आणि अंडी घेतली गेल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे.

तरीही मोठा धोका जंगलाचाच आहे. वनपिंगळ्याला ढोली असलेली जुनी झाडे लागतात, आणि सागाच्या व्यापारी जंगलात वेडीवाकडी, पोकळ झाडे आधी काढली जातात. तोरणमाळच्या उतारांवर शेती पसरली आहे. याविषयी बोलताना सगळा दोष डोंगरात राहणाऱ्या आदिवासींवर टाकायची सवय आहे, आणि ती मला मान्य नाही. त्या कुटुंबांच्या कसण्याच्या जमिनीला कायद्याने हक्क मिळायला २००६ साल उजाडले. त्याच्या कितीतरी आधीपासून लाकूडतोड, रस्ते आणि धरणे यांनी ही जंगले तुकड्यातुकड्यांत वाटली होती. आजही वरच्या तापी खोऱ्यातल्या सिंचन प्रकल्पाची टांगती तलवार ज्या जंगलांवर आहे, ती मेळघाट-बऱ्हाणपूर सीमेवरची जंगले या पक्ष्याच्या मुख्य ठिकाणांपैकी आहेत. वनपिंगळा लहान क्षेत्र धरून राहतो. त्याचे जंगल पाण्याखाली गेले तर शेजारच्या खोऱ्यात त्याच्यासाठी मोकळी जागा असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

पुन्हा सापडलेला पक्षी पुन्हा हातातून निसटू शकतो, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागात जर्डनचा धाविक हा निशाचर पक्षी १९०० नंतर थेट जानेवारी १९८६ मध्ये मिळाला, तोही पक्षी पकडणाऱ्या एका स्थानिक माणसामुळे. त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले, कालव्याचा मार्ग बदलला, मोठा गाजावाजा झाला. तरीही २००८ नंतर त्याची खात्रीची नोंद थांबली आणि पुढची व्हायला २०२५ साल उजाडावे लागले. त्या प्रकरणात काटेरी झुडपांचे रान हळूहळू बदलत गेले आणि रात्रीचा पक्षी मोजायला माणसे कमी पडत गेली. वनपिंगळा दिवसा दिसतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही सबब चालणार नाही.

२०१८ मध्ये आणखी एक गोष्ट झाली, जिची चर्चा फार कमी झाली. वनपिंगळ्याची जनुकीय तपासणी होऊन तो साध्या पिंगळ्याच्याच प्रजातिगटात मोडतो असे ठरले. १८७३ मध्ये त्याला जे स्वतंत्र गट-नाव दिले होते ते मागे पडले. कवटी मोठी, पाय जाड, वागणे वेगळे, या कारणांनी त्याला निराळा मानणाऱ्यांना ते रुचले नाही. संरक्षणाच्या दृष्टीने याने फरक पडू नये. मध्य भारत आणि त्याला लागून असलेला पश्चिमेचा पट्टा सोडला तर हा पक्षी जगात कुठेही नाही.

सध्याची गरज मोजणीची आहे, आणि ती नव्या ठिकाणांची यादी वाढवणारी मोजणी नको. त्याच जागी, त्याच महिन्यांत, त्याच पद्धतीने दरवर्षी फिरून किती जोड्या टिकल्या आणि किती पिल्ले उडाली हे पाहावे लागेल. तोरणमाळच्या घरट्यांच्या नोंदी १९९८ पासूनच्या आहेत. आजची स्थिती पडताळायला त्याहून चांगला आधार नाही. तेच ओहोळ आणि तीच साग-पट्टी पुन्हा तपासली, तर २५० ते ९९९ या आकड्याला खालून किती गळती लागली आहे ते कळेल. पूर्वेला बसना-फुलझर आणि खरियारची जंगलेही एकदा पुरेसा वेळ देऊन पिंजून काढायला हवीत. १९९७ ची तुकडी तिथे गेली होती, पण तानशाचा अनुभव पाहता एका मोहिमेत न दिसणे हे तिथे पक्षी नसल्याचे प्रमाण धरता येत नाही. श्रेणीचे पुढचे मूल्यांकन होईल तेव्हा निदान सातपुड्यापुरता तरी वीस-पंचवीस वर्षांचा खरा कल त्याच्यासमोर ठेवता यावा, एवढे काम वनखाते आणि अभ्यासक यांनी मिळून आत्ताच सुरू करायला हवे.