डाउनलोड मोजण्याची पद्धत आणि पॉडकास्टची कमाई

पॉडकास्टमध्ये प्रायोजक नेमके कशाचे पैसे देतो, या प्रश्नाचे उत्तर गेल्या वीस वर्षांत अनेकदा बदलले आहे. सॉफ्टवेअर विकसक डेव्ह वायनर यांनी २०००च्या अखेरीस आरएसएस फीडला, म्हणजे संकेतस्थळावरचा नवा मजकूर आपोआप वाचकाकडे पोचवणाऱ्या यादीला, ध्वनिफाइल जोडण्याची सोय केली आणि जून २००५मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. फाइल श्रोत्याकडे पोचली, एवढेच सर्व्हरला समजत असे. पुढे ती ऐकली की तशीच पडून राहिली, हे समजायला मार्ग नव्हता.

म्हणून आधी आले ते ऑनलाइन विक्री करणारे प्रायोजक. प्रत्येक कार्यक्रमाला वेगळा सवलत कोड द्यायचा आणि त्यावर किती खरेदी झाली ते पाहायचे. हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. श्रोता चालताना जाहिरात ऐकतो, आठवड्याने कोड न टाकताच खरेदी करतो आणि त्याचे श्रेय पॉडकास्टरला मिळत नाही. उलट कोड कूपनच्या संकेतस्थळावर गेला, की कार्यक्रम कधीच न ऐकलेले लोकही तो वापरतात. म्हणून कोडला मुदत हवी आणि पैसे भरताना ‘आमच्याबद्दल कुठे ऐकलंत?’ हा प्रश्नही हवा.

२०१४मध्ये ‘सीरियल’ हे पॉडकास्ट गाजले, त्याचा प्रायोजक मेलचिंप ही ईमेल पाठवण्याची सेवाही घरोघरी पोचली आणि मोठ्या ब्रँडचे लक्ष इकडे वळले. त्यांना दर हजार डाउनलोडमागे भाव हवा होता. भाव २५ डॉलर आणि ३० दिवसांत ६,००० डाउनलोड असतील, तर एका जाहिरातीचे १५० डॉलर होतात. मध्यस्थाने ३० टक्के घेतले की हातात १०५ उरतात. पॉडकास्टरने स्वतःच्या आवाजात, भागाच्या मध्यावर केलेल्या जाहिरातीला सहसा सर्वाधिक भाव मिळतो.

पण डाउनलोड म्हणजे काय? आयएबी या जाहिरात संस्थेच्या २०१७च्या नियमांनुसार किमान एक मिनिटाचा आवाज उतरला पाहिजे आणि एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून), त्याच ॲपमधून २४ तासांत आलेल्या मागण्या एकच धरल्या जातात. सर्व्हरवरची प्रत्येक मागणी मोजणाऱ्यांचे आकडे यामुळे घसरले. ती घसरण योग्यच होती. मात्र एकाच वायफायवर, एकाच ॲपमध्ये ऐकणारे अनेक जण एकच मोजले जाऊ शकतात, हा दोष आजही आहे.

त्यानंतर फाइल उतरतानाच जाहिरात जोडण्याचे तंत्र रुळले. जुने भाग पुन्हा कमावू लागले. मात्र जाहिरात कुठे घालायची याची खूण चुकीच्या जागी पडली, तर बोलणाऱ्याचे वाक्य मध्येच तुटते.

सप्टेंबर २०२३मध्ये आयफोनच्या आयओएस १७ या प्रणालीने न ऐकल्या जाणाऱ्या कार्यक्रमांची आपोआप होणारी डाउनलोड आवरली. श्रोते तेवढेच असूनही अनेकांचे आकडे उतरले, जुन्या भागांचा मोठा साठा असलेल्यांचे विशेष. करारात ठरावीक डाउनलोडची हमी दिली असेल, तर अशी तूट सहसा जादा जाहिरात फुकट देऊन भरावी लागते. त्यामुळे हमीचा आकडा सरासरीपेक्षा थोडा कमीच लिहावा.