डिसेंबरातली ख्रिसमसची पुस्तकं: ही पद्धत आली कुठून?

ख्रिसमसच्या पुस्तकांचा चर्चशी संबंध तसा कमीच, छापखान्याशी आणि दुकानदाराशी जास्त. हे आधीच सांगून टाकतो कारण दर डिसेंबरला फेस्टिव्ह रीड्सच्या याद्या फिरायला लागतात, त्यात बर्फ, बेकरी आणि गावी परत आलेली नायिका एवढंच दिसतं आणि वाटतं की हेच काय ते जुनं, पारंपरिक वाचन. तसं अजिबात नाहीये. परंपराच बघायची तर ती भुतांची आहे, आणि त्याच्याही आधी गिफ्टची.

सुरुवात धरायची तर १८२२ ची धरावी. रुडॉल्फ अॅकरमन नावाचा एक जर्मन माणूस लंडनला प्रिंट्स आणि सचित्र पुस्तकं विकायचा, त्याने त्या वर्षाच्या शेवटी 'फर्गेट मी नॉट' नावाचं एक छोटं, देखणं वार्षिक काढलं. त्यावर वर्ष मात्र छापलं पुढचं, १८२३, म्हणजे ख्रिसमसला द्या नाहीतर न्यू इयरला, चालून जातं. आत कविता, गोष्टी, बारीक कोरीव कामाची चित्रं. असली वार्षिकं जर्मनीत आधीपासून होतीच, इंग्लंडात ती इतकी चालली की दहाएक वर्षांत डझनावारी नकला निघाल्या, 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिणारी मेरी शेलीसारखी लेखिकासुद्धा 'द कीपसेक' नावाच्या अशाच एका वार्षिकात गोष्टी लिहायची. खरं सांगायचं तर यातली बरीच वाचण्यापेक्षा दिवाणखान्यातल्या टेबलावर दिसण्यासाठीच घेतली जायची (आजची कॉफी टेबल बुकं काय वेगळी आहेत म्हणा). पण पुस्तक ही डिसेंबरात विकत घेऊन दुसऱ्याला द्यायची गोष्ट आहे, हे लोकांच्या अंगवळणी पडलं ते इथे.

मग आला इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स. १८४३ साल त्याला जरा जडच चाललं होतं, त्याची 'मार्टिन चझलविट' कादंबरी हप्त्याहप्त्याने छापून येत होती पण अपेक्षेएवढी खपत नव्हती, घरी पाचवं मूल येणार होतं, पैशाची ओढाताण. त्याच वर्षी खाणी-कारखान्यांत राबणाऱ्या लहान मुलांवरचा सरकारी रिपोर्ट त्याने वाचला, लंडनमधली गरीब मुलांची शाळा जाऊन पाहिली, आणि चिडून एखादं पत्रक काढायचं ठरवलं होतं ते सोडून ऑक्टोबरात गोष्ट लिहायला घेतली. डिसेंबरच्या सुरुवातीला लिहून झाली आणि १९ डिसेंबरला 'अ ख्रिसमस कॅरल' दुकानात. सहा हजार प्रती ख्रिसमसच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या.

गंमत म्हणजे पैसे फारसे मिळालेच नाहीत. पुस्तक सुंदर दिसलं पाहिजे हा त्याचा हट्ट, म्हणून सोनेरी कडा, कापडी बांधणी, जॉन लीचची हाताने रंगवलेली चित्रं, हा सगळा खर्च त्याने स्वतःच्या अंगावर घेतला आणि किंमत ठेवली फक्त पाच शिलिंग, तीही मजुराच्या खिशाला जडच होती म्हणा. हजार पौंड सुटतील असा हिशोब होता, पहिल्या आवृत्तीचे सुटले दोनशे तीस. वर जानेवारीत एका प्रकाशकाने चोरून स्वस्त आवृत्ती काढली, डिकन्स कोर्टात गेला, जिंकला, पण समोरच्याने दिवाळं काढलं आणि कोर्टाचा सुमारे सातशे पौंड खर्च जिंकणाऱ्याच्याच गळ्यात पडला. तरी हा गडी थांबला नाही, १८४८ पर्यंत मधलं १८४७ सोडून दरवर्षी ख्रिसमसचं एक पुस्तक काढलंच. बाकीची चार आज कोण वाचतं? मला विचाराल तर 'द चाइम्स' तेवढं बघा, उरलेल्यांचं फार वाईट वाटून घेऊ नका.

कॅरलच्या पूर्ण नावातच ती भुताची गोष्ट असल्याचं सांगितलंय, हे मात्र आपण विसरतो. हिवाळ्याच्या लांबलचक रात्री, शेकोटी, आणि एकमेकांना भीतीच्या गोष्टी सांगणं हे इंग्लंडात जुनंच, शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल' नाटकात तो छोटा राजपुत्र म्हणतोच की हिवाळ्याला दुःखी गोष्टच बरी आणि लगेच भुतांची गोष्ट काढतो. डिकन्सने एवढंच केलं की हे तोंडी चालणारं प्रकरण छापील केलं आणि त्याला तारीख लावली. १८५० पासून तो आपल्या साप्ताहिकाचा खास ख्रिसमस अंक काढायचा, आधी 'हाउसहोल्ड वर्ड्स'चा आणि मग 'ऑल द इयर राउंड'चा, आणि स्वतःसोबत दुसऱ्यांकडूनही लिहून घ्यायचा. एलिझाबेथ गॅस्केलची 'द ओल्ड नर्सेस स्टोरी' १८५२ च्या अंकातली. १८६६ च्या अंकात त्याची स्वतःची 'द सिग्नलमन' आली, रेल्वेच्या बोगद्याच्या तोंडाशी एकटाच ड्युटी करणारा माणूस आणि अपघाताआधी दिसणारी ती आकृती. आदल्याच वर्षी जून महिन्यात स्टेपलहर्स्टला गाडी पुलावरून घसरली तेव्हा डिकन्स त्या गाडीत होता, ते माहीत असलं की गोष्ट अजूनच अंगावर येते. ख्रिसमसचं नावही नाही हां तिच्यात, तरी ती ख्रिसमसची गोष्ट.

पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एम. आर. जेम्स हे विद्वान ख्रिसमसच्या सुमारास दोस्तमंडळी आणि विद्यार्थ्यांना खोलीत जमवून एक मेणबत्ती सोडून बाकीच्या विझवून नवी लिहिलेली भुताची गोष्ट वाचून दाखवायचे, त्यातल्या काही गोष्टी १९०४ मध्ये पुस्तकरूपात आल्या. आणि अजून एक, शेरलॉक होम्सचा जन्मसुद्धा ख्रिसमस अंकातलाच! 'अ स्टडी इन स्कार्लेट' पहिल्यांदा छापून आली ती १८८७ च्या 'बीटन्स ख्रिसमस अॅन्युअल'मध्ये, कॉनन डॉयलला सगळ्या हक्कांचे मिळून पंचवीस पौंड मिळाले, आणि त्या कादंबरीचाही ख्रिसमसशी काडीचा संबंध नाही.

इथे आपला धागा लागतो. इंग्रजी नियतकालिकांचे हे ख्रिसमस विशेषांक बघूनच 'मनोरंजन' मासिकाचे संपादक का. र. मित्र यांना दिवाळीला असाच भरगच्च अंक काढायची कल्पना सुचली असं सांगितलं जातं, आणि १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपण दिवाळी अंकांचा गठ्ठा घरी आणतो त्याचं आणि कॅरलचं लांबचं का होईना नातं आहे. मराठीत ख्रिस्तजन्माची कथा मात्र याच्याही खूप आधीची, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, हजारो ओव्यांचं, पण तो भक्तीचा वेगळाच प्रवाह, बाजाराशी त्याचं देणंघेणं नव्हतं.

सगळ्यात जास्त रोमँटिक करून सांगितली जाते ती आइसलँडची कहाणी. तीही बाजाराचीच आहे. दुसऱ्या महायुद्धात आधी ब्रिटिश, मग अमेरिकन सैन्य तिथे आलं, लोकांच्या हातात पैसा खेळायला लागला पण परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध, गिफ्ट द्यायचं तर द्यायचं काय? कागदावर मात्र त्यामानाने कमी बंधनं होती, म्हणून पुस्तकं. १९४४ पासून प्रकाशकांनी नव्या पुस्तकांचा कॅटलॉग काढायला सुरुवात केली, तो पुढे घरोघरी फुकट जायला लागला, आणि तिथली बरीचशी नवी पुस्तकं अजूनही ख्रिसमसच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांतच येतात. पुस्तकं उघडायची २४ डिसेंबरच्या संध्याकाळी. त्यात ख्रिसमसवरची पुस्तकं असायलाच हवीत असं मात्र कुणी म्हणत नाही, कादंबरी, चरित्र, क्राइम, काहीही.

क्राइमवरून आठवलं, इंग्लंडात 'अ ख्रिस्ती फॉर ख्रिसमस' ही प्रकाशकाची जाहिरातच होती, वर्षाअखेरीला खूनकथा लिहिणाऱ्या अॅगाथा ख्रिस्तीबाईंचं नवं पुस्तक येणार हे ठरलेलं. 'हर्क्युल पॉयरोज ख्रिसमस' १९३८ च्या डिसेंबरात आलं, आणि अर्पणपत्रिकेत बाई मेव्हण्याला म्हणतात की माझे खून फारच सभ्य व्हायला लागलेत अशी तुझी तक्रार होती ना, घे मग, भरपूर रक्त! मग अशा जुन्या कादंबऱ्या मागे पडल्या आणि २०१४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने जे. जेफर्सन फार्जनची १९३७ ची 'मिस्टरी इन व्हाइट' परत छापली, बर्फात अडकलेली ट्रेन, रिकामं घर, टेबलावर चहा मांडलेला, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना ती तुफान खपली. तेव्हापासून जुन्या ख्रिसमस खूनकथा दर हिवाळ्यात नव्या कव्हरात येतातच.

त्यामुळे गोड रोमान्स वाचायचा तर खुशाल वाचा, पण भुतं आणि खून घेतले तर ते ख्रिसमसी नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. माझी यादी विचाराल तर कॅरल आधी, पाचच प्रकरणं आहेत, एका बैठकीत होतं आणि कॉपीराइट कधीच संपल्यामुळे नेटवर फुकट मिळतं, मग सिग्नलमन, मग फार्जन. जेम्स घेतलात तर संग्रह सलग वाचू नका, एका रात्री एकच.